कळकणे, कल्हई आणि काळीज : बालयकृताच्या एका रोगाचा इतिहास

१

तांब्यापितळेच्या भांड्यात, आणि विशेषतः कल्हई उडालेल्या भांड्यात, आंबट पदार्थ काही काळ राहिला म्हणजे त्यास हिरवट झाक येते, चव तुरट व ओंगळ होते आणि तो खाण्याच्या कामाचा राहत नाही. ह्या घटनेस मराठीत 'कळकणे' असे स्वतंत्र क्रियापद आहे. संस्कृत 'कलङ्क' ह्या शब्दाचे डाग आणि धातूवरील मळ असे दोन्ही अर्थ आढळतात. मराठी 'कळंक' म्हणजे तांब्यावरील हिरवा मळ, त्यावरून 'कळकणे', आणि त्याच कुळातला मानला जाणारा 'कळकट', अशी ही परंपरा आहे. 'ताक कळकले', 'आमटी कळकली', 'कढी कळकेल, काढून ठेव' ही वाक्ये देशावर आणि मराठवाड्यात, पुण्यापासून बीडपर्यंत, स्वयंपाकघरात नित्य बोलली जात.

एखाद्या समाजाने विशिष्ट बिघाडासाठी वेगळे क्रियापद राखले, तर तो बिघाड त्या समाजाच्या नित्य परिचयाचा होता असे अनुमान करण्यास हरकत नसते. तांबे अन्नात उतरते, आणि ते पोटास अपायकारक असते, हे ज्ञान मराठी स्वयंपाकघरास रसायनशास्त्राच्या आगमनापूर्वीच होते. तरीही तांब्यामुळे यकृत निकामी होऊन लहान मुले दगावण्याचा जो रोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे शंभर वर्षे ह्या देशात नोंदला गेला, त्याचे कारण ओळखण्यास ह्या ज्ञानाचा उपयोग झाला नाही. ते कारण पुण्यातील एका रुग्णालयात आणि लंडनमधील एका प्रयोगशाळेत १९७८ ते १९८३ ह्या काळात उजेडात आले. जे ज्ञान शब्दात साठविलेले होते ते नेमके कोठे थांबले, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासाइतकाच भाषेच्या इतिहासाचाही आहे.

२

प्रथम भांड्यांचा विचार करणे सोयीचे होईल. मराठी मुलुखात तांबे व पितळ ह्यांचे व्यवहार 'तांबट' आणि 'कासार' ह्या दोन व्यावसायिक समाजांच्या हाती होते. पहिला शब्द 'ताम्रकुट्ट', म्हणजे तांबे ठोकणारा, ह्यावरून आला. दुसरा 'कांस्यकार' ह्यावरून. पुण्याची तांबट आळी अद्याप ते नाव सांभाळून आहे. पाण्याचा हंडा, कळशी व घागर, स्नानाचे घंगाळ, पूजेचे ताम्हण, पिण्याचा तांब्या, स्वयंपाकाचे पातेले व तपेली, दुधाची चरवी आणि कासंडी ही यादी पाहिली म्हणजे एका शेतकरी घराच्या दिवसाचा सारा क्रम धातूच्या आधारे उभा राहतो. ह्यांपैकी ताम्हण, तांब्या इत्यादी शब्दांत 'ताम्र' प्रत्यक्ष ऐकू येते. पितळ म्हणजे तांबे व जस्त ह्यांचे मिश्रण. त्यात तांब्याचे प्रमाण सामान्यतः साठ ते सत्तर टक्के असते. पितळेचे भांडे हे म्हणजे, रासायनिक दृष्ट्या, बहुतांशी तांब्याचेच भांडे होय.

अशा भांड्यात अन्न शिजवावयाचे तर आतून कथलाचा थर द्यावा लागतो. ह्या थरास मराठीत 'कल्हई' म्हणतात. अरबी व फारसी भाषांत 'कलई' हे कथलाचे नाव आहे आणि ते मलाया द्वीपकल्पातील 'कलह' अथवा केडा ह्या बंदराच्या नावावरून पडले, असे मत अभ्यासकांत रूढ आहे. पूर्वेकडील कथील अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पश्चिमेस जाई, त्याची खूण ह्या शब्दात राहिली. मूळ अरबी शब्दात जो कंठ्य घर्षध्वनी आहे तो मराठीत टिकणे शक्य नव्हते. त्याच्या जागी महाप्राण आला आणि 'कलई'ची 'कल्हई' झाली असे दिसते. कल्हई लावण्यापूर्वी तापलेल्या धातूवरील मळ काढण्यासाठी जो क्षार टाकतात त्याचे नाव 'नवसागर'. फारसी 'नौशादर' संस्कृतात 'नवसादर' झाले आणि मराठीने त्यास ओळखीच्या 'सागर' शब्दाचे रूप दिले. कल्हईच्या धंद्याची परिभाषा अशा रीतीने अर्धी संस्कृत आणि अर्धी फारसी आहे.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात ह्या मिश्रणास विशेष अर्थ आहे. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र राज्यात आला. संस्थानाची राजभाषा उर्दू, गावाची भाषा मराठी आणि बाजारात दख्खनीचा वावर, अशा स्थितीत 'कलई' व 'कल्हई' ही दोन्ही रूपे शेजारी नांदली.

कल्हईची प्रक्रिया साधी आहे. जमिनीत खळगा करून भट्टी पेटवावयाची, भात्याने वारा द्यावयाचा, भांडे तापले की नवसागराची भुकटी टाकावयाची, आणि कथलाची कांडी टेकवून वितळलेले कथील कापसाच्या अथवा चिंधीच्या बोळ्याने आतून फिरवावयाचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणूनच हे काम गावच्या झाडाखालीही होऊ शकते. परंतु हा थर पातळ असतो. राखेने व मातीने रोज घासलेल्या भांड्यावर तो फार दिवस टिकत नाही. तो पुन्हा लावावयाचा तर कल्हईवाला गावात यावा लागतो आणि त्याची मजुरी देण्याची ऐपत व इच्छा असावी लागते. ज्या भांड्यात आंबट पदार्थ शिजत नसत, त्यांच्या कल्हईकडे दुर्लक्ष होणे अगदी स्वाभाविक होते.

शास्त्रग्रंथांतही ह्या विषयाची जाणीव आढळते. काशाच्या भांड्यात दहा दिवस राहिलेले तूप वर्ज्य करावे, असा नियम आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांनी तर अशुद्ध ताम्रास विषाहून अधिक घातक ठरविले आणि त्याचे आठ दोष मोजले. ओकारी, भ्रम, दाह इत्यादी त्यांत येतात. हे सारे दोष घेतल्याबरोबर अथवा थोड्याच काळात जाणवणारे आहेत, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

३

आता रोगाकडे वळू. कलकत्त्यातील सेन ह्यांनी १८८७ साली बालकांच्या यकृताच्या एका घातक विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यापाठोपाठ इतर इलाख्यांतूनही तशी वर्णने येऊ लागली आणि हा रोग मुख्यतः ह्याच देशात दिसतो असे मत बनत गेले. पुढे त्यास 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' असे नाव रूढ झाले. मराठीत त्यास बालयकृत्-काठिण्य म्हणता येईल.

त्याचे चित्र ठरावीक होते. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचे, पण बहुधा एक ते तीन वर्षांचे मूल. ते किरकिरे होते, पोट वाढते, चाचपल्यास यकृत कठीण लागते आणि त्याची कड पानाच्या कडेसारखी पातळ व धारदार जाणवते. पुढे कावीळ होते, पोटात पाणी साठते, आणि काही महिन्यांत मूल दगावते. मुलींपेक्षा मुलग्यांत हा रोग अधिक दिसे. एकाच घरातील एकामागून एक भावंडे त्याला बळी पडत. तो बहुतांशी ग्रामीण, मध्यम स्थितीच्या हिंदू कुटुंबांत आढळे. मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबांत त्याचे प्रमाण कमी असे. विशेष म्हणजे तो केवळ दारिद्र्याचा रोग नव्हता, ही गोष्ट बहुतेक सर्व निरीक्षकांनी नोंदविली आहे.

घरोघरी ह्या रोगास मराठीत निश्चित असे एक नाव नव्हते. 'मुलाचे यकृत वाढले' असे म्हणत, आणि इंग्रजी शब्द रुळल्यावर 'लिव्हर झाला' असेही म्हणू लागले. अवयवाचे नाव रोगाचे नाव झाले. ह्या अवयवाचा जुना देशी शब्द 'काळीज' हा आहे. तो संस्कृत 'कालेय' ह्या यकृतवाचक शब्दाकडे नेता येतो. पुढे मराठीत तो माया, धैर्य आणि दुःख ह्यांचे स्थान दर्शवू लागला व हृदयाच्या अर्थाने वापरला जाऊ लागला. देशी शब्द अर्थांतराने भावनेकडे गेला, तेव्हा देहातील त्या प्रत्यक्ष अवयवासाठी प्रथम संस्कृत व मग इंग्रजी शब्द घ्यावा लागला. रोगाची स्वतंत्र लोकभाषिक ओळख न बनण्यास हेही एक कारण असावे.

कारणांविषयी वैद्यकात नाना तर्क चालले. कोणी आईच्या दुधातील दोष सांगितला, कोणी कुपोषण, कोणी विषाणू, कोणी अन्नावरील बुरशीचे विष, तर कोणी आनुवंशिकता. मद्रासच्या जम्मी ह्यांचे बालयकृतावरील औषध देशभर प्रसिद्ध होते, ह्यावरून मातापित्यांच्या मनातील धास्तीची कल्पना येते. बीडसारख्या जिल्ह्यात रोगाची खात्री करून घेणेही दुरापास्त होते. यकृताचा सूक्ष्म तुकडा सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागे, आणि तशी सोय मोठ्या शहरांतच असे. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली निघाले. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघण्यास त्यानंतर जवळजवळ दोन दशके जावी लागली. ज्या खेड्यांत रोगास अनुकूल परिस्थिती होती ती खेडी, आणि ज्या ठिकाणी रोगाची नोंद होऊ शकत होती ती ठिकाणे, ही एक नव्हती. रोगाच्या भूगोलाचा विचार करताना ही विसंगती विसरून चालणार नाही.

४

१९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील पोर्टमन, टॅनर, मोवॅट व विल्यम्स ह्यांनी 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक लहान निबंध प्रसिद्ध केला. ह्या रोगाने ग्रासलेल्या यकृताच्या छेदांना ऑर्सीन नावाच्या रंगद्रव्याने रंगविले असता पेशींत गडद तपकिरी कण दिसतात, असे त्यांना आढळले होते. तांबे ज्या प्रथिनांशी बांधले जाते त्यांची ही खूण होय. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, प्रत्यक्ष मोजणी झाली. तीत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ आनंद पंडित सहभागी होते. निरोगी यकृताच्या दर ग्रॅम शुष्क वजनात तांबे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. विल्सनच्या रोगात, म्हणजे किनिअर विल्सन ह्यांनी १९१२ साली वर्णिलेल्या आनुवंशिक विकारात, ते २५० च्या वर जाते. ह्या भारतीय बालकांच्या यकृतात ते अनेकदा हजाराच्याही पुढे गेलेले होते.

१९७९ च्या निबंधाच्या लेखकांत मिल्स व ब्रेमनर ही दोन नावे आहेत. हे दोघे स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळच्या रोवेट संस्थेचे, म्हणजे पशुपोषणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे संशोधक होते. यकृतात तांबे साठून प्राणी कसा मरतो हे ज्ञान मानवी वैद्यकापेक्षा पशुवैद्यकात अधिक पक्व होते, ह्याचे हे द्योतक होय. मेंढीचे यकृत तांबे साठविते, पण पित्तावाटे ते पुरेसे बाहेर टाकू शकत नाही. डुकरांसाठी अथवा कोंबड्यांसाठी बनविलेले तांबेयुक्त खाद्य मेंढ्यांस सतत मिळाले तर कित्येक आठवडे प्राणी वरवर निरोगी दिसतो. मग एके दिवशी साठा एकदम रक्तात सुटतो, रक्तपेशी फुटतात, लघवी तांबडी होते आणि मेंढी दगावते. शेळी ह्या बाबतीत मेंढीपेक्षा पुष्कळ सोशिक असते. बेडलिंग्टन टेरिअर ह्या कुत्र्यांच्या जातीत हा साठा आनुवंशिक दोषाने होतो. तो दोष कोणत्या जनुकात आहे हे २००२ साली कळले. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात जोपासलेल्या दालचिनी रंगाच्या उंदरांच्या एका वंशात विल्सनच्या रोगाशी मिळताजुळता दोष आहे. हौसेने पाळल्या जाणाऱ्या फेरेट ह्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान प्राण्यातही यकृतातील ताम्रसंचयाचे रुग्ण वर्णिले गेले आहेत. ह्या सर्व उदाहरणांतून एकच तत्त्व निघते : तांबे शरीरास आवश्यक आहे, परंतु ते बाहेर टाकण्याची वाट बहुतांशी एकच, यकृतातून पित्तात जाणारी. ती वाट अरुंद असेल किंवा येणारा भार फार मोठा असेल, तर यकृत हेच कोठार होते आणि यकृत हेच बळी पडते.

नवजात मानवी बालकाची ती वाट जन्मतः पुरती उघडलेली नसते. त्याच्या यकृतात तांबे आधीच प्रौढापेक्षा अधिक असते. आईच्या दुधात मात्र तांबे अगदी अल्प, लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी, असते. निसर्गाने बालकाचे अन्न आणि बालकाची शक्ती ह्यांचा मेळ घातलेला होता. तो कोठे मोडला, हा पुढचा प्रश्न होता.

५

ह्या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या परिसरातील स्वयंपाकघरांत सापडले. टॅनर, कांटार्जियन, शीला भावे व पंडित ह्यांचा निबंध १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याचे प्रतिपादन असे की, रोगी बालकांना जनावराचे दूध फार लवकर सुरू झालेले होते आणि ते दूध पितळेच्या अथवा तांब्याच्या भांड्यात तापविले वा साठविले जात होते. १९८७ साली भावे, पंडित व टॅनर ह्यांनी रोगी बालके आणि त्यांच्या जोडीची निरोगी बालके ह्यांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली. तीतही हेच दोन भेद ठळकपणे पुढे आले. १९८९ साली ओनील व टॅनर ह्यांनी दाखविले की पितळेच्या भांड्यातील दूध तांबे मोठ्या प्रमाणात घेते आणि ते दुधातील केसीन ह्या प्रथिनाशी घट्ट बांधले जाते.

आता सामाजिक वस्तुस्थिती स्पष्ट होऊ लागते. मराठीत जनावराच्या दुधास, ते बालकास दिले जात असता, 'वरचे दूध' म्हणतात. ज्या घरी गाय अथवा म्हैस होती, पितळेची चरवी व पातेले होते, आणि बाळ अंगावर पुरेसे पीत नाही अशी शंका आली की वरचे दूध देण्याची ऐपत होती, त्या घरात हा रोग शिरत होता. ज्या मजुराच्या घरी गाय नव्हती आणि मातीच्या मडक्याखेरीज भांडे नव्हते, त्याचे मूल दुसऱ्या कशानेही मरो, ह्या रोगाने सहसा मरत नव्हते. मुलग्यास वरचे दूध अधिक जपून व लवकर मिळे, ह्याचाही रोग्यांतील मुलग्यांच्या अधिक संख्येशी संबंध असू शकेल. माया आणि सुबत्ता ह्या दोहोंनी मिळून अपाय केला, असे ह्या रोगाचे विचित्र स्वरूप आहे.

येथेच 'कळकणे' ह्या क्रियापदाची मर्यादा दिसून येते. त्याचे रूढ कर्ते पाहावेत : ताक, दही, कढी, आमटी, चिंचेचे सार. ह्या सर्व पदार्थांत आम्ल आहे. ते तांब्याशी संयोग पावून डोळ्यांस हिरवे आणि जिभेस ओंगळ असे क्षार निर्माण करते. म्हणून त्यांचा बिघाड ओळखता येतो, आणि ओळखता येतो म्हणूनच त्यास नाव मिळाले. दुधाच्या बाबतीत मराठी अतिशय संपन्न आहे. दूध उतू जाते, लागते, करपते, नासते, फाटते, विरजते. ह्या प्रत्येक क्रियापदामागे नाकाला, जिभेला किंवा डोळ्याला येणारा एक निश्चित अनुभव आहे. परंतु 'दूध कळकले' हा रूढ प्रयोग नाही. ताजे, गोड दूध तांबे घेते ते प्रथिनाशी बांधून घेते. ताकाप्रमाणे ते हिरवे पडून स्वतःची चुगली करीत नाही.

ह्यावरून असे म्हणता येईल की, लोकभाषेतील ज्ञान खोटे नव्हते. ते इंद्रियांच्या साक्षीवर उभे होते आणि जेथे साक्ष संपली तेथे ज्ञानही संपले. एवढेच नव्हे, तर ते ज्ञानच काही अंशी दिशाभूल करणारे ठरले. आंबट पदार्थ तेवढे धोक्याचे, हा नियम पक्का असल्यामुळे दुधाची चरवी बिनकल्हईची चालते, असा उलट नियम आपोआप तयार झाला. एखादा शब्द ज्या गोष्टीस झाकत नाही ती गोष्ट निर्धोक आहे असे भाषेचा वापर करणारास वाटू लागते. शास्त्रग्रंथांच्या बाबतीतही हेच घडले. त्यांनी सांगितलेले ताम्रदोष तत्काळ जाणवणारे होते. महिन्यामहिन्यांनी यकृतात साचणाऱ्या आणि वर्षाने प्रकट होणाऱ्या दोषाचे कारण कालच्या पातेल्यात शोधण्याची सोय त्या विचारपद्धतीत नव्हती.

६

ह्या उपपत्तीवर आक्षेपही आले, आणि त्यांचा विचार केल्याविना हा इतिहास पुरा होणार नाही. पहिला आक्षेप असा की, पितळेची भांडी लाखो घरांत होती. मग रोग थोड्याच मुलांना का व्हावा? दुसरा असा की, तांबे हे कारण नसून परिणाम असू शकेल. रोगी यकृतातून पित्त नीट वाहत नसल्यामुळे ते साचत असेल. विकृतिशास्त्रज्ञ एन. सी. नायक ह्यांनी ताम्रकारणवादाविषयी दीर्घकाळ शंका मांडली आणि २०१३ साली चितळे ह्यांच्यासह लिहिलेल्या समीक्षेतही प्रचलित समजुतींचा फेरविचार करण्याची मागणी केली.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून मिळाले. ऑस्ट्रियातील टायरोल ह्या डोंगराळ प्रांतात १९०० ते १९७४ ह्या काळात १३८ बालके अशाच यकृतविकाराने दगावल्याचे मुलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. तेथेही गायीचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून बालकांस दिले जात असे, आणि ती भांडी वापरातून गेल्यावर रोगही गेला. तेथील कुटुंबांच्या वंशावळींवरून आईबाप दोघांकडून येणाऱ्या एका सुप्त आनुवंशिक दोषाचे अनुमान निघाले. म्हणजे बीज वंशात आणि निमित्त भांड्यात. दोन्ही एकत्र आल्याविना रोग उद्भवत नाही. एकाच घरातील भावंडे दगावणे आणि शेजारच्या घरातील मुले त्याच धातूच्या भांड्यातील दूध पिऊन सुखरूप राहणे, ह्या दोन्ही गोष्टींचा उलगडा ह्या मताने होतो. शिवाय ज्या रोगास 'भारतीय' हे विशेषण लागले होते तो आल्प्सच्या कुशीतही होता, ही गोष्ट रोगांना देशाची नावे देण्याच्या प्रथेविषयी सावध करणारी आहे.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर अंशतः उपचारांनी दिले. पेनिसिलामाइन हे औषध शरीरातील तांबे बांधून लघवीवाटे बाहेर नेते. वॉल्श ह्यांनी १९५६ साली ते विल्सनच्या रोगावर सुचविले होते. पुण्यात १९८० नंतर ते ह्या बालकांस देण्यात आले. रोग पुढच्या अवस्थेस गेला असता त्याचा उपयोग होत नसे. परंतु वेळीच सुरू केल्यास काही मुले वाचली. बावडेकर, भावे, प्रधान, पंडित व टॅनर ह्यांनी १९९६ साली अशा वाचलेल्या मुलांचा दीर्घकालीन वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्या रोगात मृत्यू हा जवळजवळ ठरलेला असे, त्यात मुले शाळेच्या वयापर्यंत व त्यापुढे जगली, ही साधी घटना नव्हे.

७

औषधापेक्षा प्रतिबंध अधिक सोपा होता. बाळास अंगावरच पाजावे; वरचे दूध द्यावेच लागले तर ते पितळेच्या अथवा तांब्याच्या भांड्यात तापवू वा ठेवू नये. रोगी बालकाच्या पाठच्या भावंडांसाठी ह्या सल्ल्याचे महत्त्व विशेष होते. १९९२ साली भावे व सहकाऱ्यांनी प्रतिबंधाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला, तोपर्यंत हा रोग मागे हटू लागलेला होता. आज तो अत्यंत विरळ झाला आहे.

मात्र ह्या माघारीचे सर्व श्रेय संशोधनास देणे इतिहासाच्या दृष्टीने बरोबर होणार नाही. प्रथम ॲल्युमिनियम आणि मग स्टेनलेस स्टीलची भांडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघर आली. ती हलकी होती, घासावयास सोपी होती, त्यांस कल्हई लागत नसे. बीड, माजलगाव, परळी किंवा आष्टीच्या बाजारात पितळेची जुनी भांडी मोडीत घालून स्टीलचा डबा घेणाऱ्या गृहिणीने तो निर्णय यकृताच्या विचाराने घेतला नव्हता. तिने आपली मेहनत वाचविली, आणि नकळत एका रोगाचे निमित्त घरातून बाहेर काढले. कल्हईवाल्याचा धंदा बसला, त्याबरोबर त्याची परिभाषा मावळली; 'कळकणे' हे क्रियापदही आज तरुण पिढीच्या बोलण्यातून जवळजवळ गेले आहे. रोग गेला, धंदा गेला आणि शब्द गेला, ह्या तिन्ही घटना एकाच बदलाची अंगे आहेत.

येथे एक धोका उरतो. तांब्यापितळेच्या भांड्यांची आवड अलीकडे पुन्हा वाढली आहे. प्रौढ माणसाने तांब्याच्या स्वच्छ भांड्यातील साधे पाणी प्यावे, त्यात त्याच्या यकृतावर सहसा फार भार पडत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आहे. परंतु तेच भांडे बाळाच्या दुधासाठी वापरले गेले तर प्रश्नाचे स्वरूप सर्वस्वी बदलते. पूर्वीच्या घरात निदान आंबटापुरता इशारा देणारा शब्द होता आणि कल्हईची आठवण करून देणारा कारागीर दाराशी येत होता. नव्या घरात भांडे परत येते, पण शब्द व कारागीर परत येत नाहीत.

मराठी कोशांत 'कळकणे' ह्या नोंदीपुढे आंबट पदार्थ असे लिहिलेले असते, आणि ते बरोबरच आहे. कोशाने रूढ वापर नोंदवावा, हेच त्याचे काम. परंतु ज्या कोणास ह्या भाषेतील आहारविषयक शब्दांचा इतिहास लिहावयाचा असेल त्याने त्या नोंदीत दूध का नाही, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्या एका अनुपस्थित शब्दाच्या जागी शंभर वर्षांत किती बालके गेली ह्याची गणती कोठेही झालेली नाही. त्या जागेचा अर्थ लावण्यास मात्र भाषा, धातू आणि यकृत ह्या तिन्हींचे ज्ञान एकत्र यावे लागले.